कर्णा बंद झाला म्हणून

कोकरेवस्ती, ता. ११ (वार्ताहर) : भीमा नदीच्या पुलावर मंगळवारी पहाटे ट्रकची धडक बसून एक दुचाकीस्वार जागीच ठार झाला. शंभू रावजी कोकरे असे त्याचे नाव आहे. दाट धुक्यामुळे हा अपघात घडला असावा, असे समजते.

बातमी एवढीच. सुषमानं ती दारातल्या उन्हात धरून वाचली, पुन्हा वाचली आणि उरलेली मागच्या बाजूला आली असेल म्हणून कागद उलटा केला. मागं कांद्यावरच्या फवाऱ्याची जाहिरात होती.

“आत्या, ही बातमी कुणी दिली?”

अनसाबाई, तिची सासू, भिंतीला पाठ लावून बसली होती. लेकासाठी रडून रडून तिचा घसा बसला होता. “पेपरानं दिली आसंल,” ती म्हणाली.

“पेपर काय आपला आपून लिवतो? वस्तीवरनं बातमी द्यायचं काम ह्यांचंच व्हतं. वार्ताहर म्हंजी हेच. मग मेलेल्या माणसानं सोताची बातमी दिली व्हय?”

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

“आन् धुकं कवा व्हतं? मी वट्यावर भांडी घासत व्हते. पाटसच्या कारखान्याचं धुराडं दिसत व्हतं मला हितनं.”

“आता धुकं आसलं काय आन् नसलं काय, बाई.”

पण सुषमाचं तिथंच अडलं. नवरा गेला, हे कालपासून बायकांनी तिला धरून धरून सांगितलं होतं. ते तिला कळत होतं आणि कळत नव्हतंही. धुकं मात्र नव्हतं, हे तिला लख्ख माहीत होतं. पुरात वाहणाऱ्याच्या हाताला एखादी मुळी लागावी, तशी ती त्या एका गोष्टीला धरून बसली.

*

कोकरे मूळचे मेंढरांमागचे. शंभूचा आजा पावसाळ्यापुरता घरी असायचा, बाकीचं वर्ष कोकणाच्या वाटेवर. बापानं मेंढरं विकली, नदीकाठाला रान धरलं, पाइप टाकून पाणी आणलं. थोरला ज्योतिबा त्या रानात राबला. धाकटा शंभू दहावी झाला आणि त्याला कागदाचा नाद लागला. त्यानं पेपरची एजन्सी घेतली. रोज तांबडं फुटायच्या आत एम-एटी दुचाकीवरून पूल ओलांडायचा, पलीकडं दौंड तालुक्यातल्या फाट्यावर पुण्याहून येणाऱ्या जीपमधून गठ्ठा उतरवून घ्यायचा आणि वाड्यावस्त्यांवर वाटत फिरायचं. दुपारी घोंगड्यावर पालथं पडून बातम्या लिहायच्या, शिरूरला जाऊन पाकीट पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरला द्यायचं. छापून आलं की वर कंसात ‘वार्ताहर’ असा शब्द यायचा. नाव कधी आलं नाही. तरी शंभू त्या शब्दावर बोट ठेवून लेकीला दाखवायचा. “सोनम, बघ. ह्यो मी.”

नंबरपाटीवर त्यानं लाल रंगात इंग्रजीतून ‘प्रेस’ लिहून घेतलं, तेव्हा पारावरच्यांना चांगला विषय मिळाला.

“प्रेस म्हंजी इस्त्रीच ना रं?”

“व्हय तर. शंभूआप्पा, माझं धोतार तेवढं मारून द्या की.”

शंभूही हसायचा. “आण की. आतला माणूस बी सरळ करून देतो.”

जत्रा, कुस्त्या, मेंढरांची लाळ-खुरकत, सोसायटीच्या निवडी यांवर त्याचं भागत होतं. मग एका साली पावसानं दगा दिला आणि माघातच नदी आटली. वाळू उघडी पडली, तशी बबनरावांची वाळू उपसायची पोकलेन यंत्रं पात्रात उतरली. बबनराव म्हणजे वाळूचा ठेकेदार, सोसायटीचा चेअरमन, आणि पुढं कोण कोण होणार याची यादी त्याच्या बॅनरवर आधीच असायची. वाळू निघत गेली तसं काठावरचं पाणी खाली गेलं. मोटारींचे पाइप हवेत लोंबायला लागले. ज्योतिबाच्या कांद्यानं माना टाकल्या. शंभूनं लिहिलं. पुलाच्या खांबांना खेटून खोदतात, खांबांचे पाय उघडे पडलेत, असंही लिहिलं. तहसीलच्या जीपा आल्या आणि बबनरावांच्या गाड्या अडकून पडल्या.

बबनराव त्याला चहाच्या हॉटेलात भेटला. रागावला नाही. शेजारी बसवून घेतलं.

“पेपर वाटतोस ना? वाट की. गरिबाची चूल पेटती, मला आनंद हाय. लिव्हायला कुणी सांगितलं?” मग हॉटेलवाल्याकडं वळून म्हणाला, “पत्रकाराला भजी दे रं. पेपरातच बांधून दे.”

शंभूनं पुडा घरी आणला आणि हसत हसत बायकोला सगळं सांगितलं. भजी सोनमनं खाल्ली. त्यानं एकही तोंडात घातलं नाही, हे सुषमाला पुढं फार आठवलं.

*

हौशीरामनं पुलाखाली, पात्रातल्या ओलीवर कलिंगडाचे वेल लावले होते आणि तिथंच झोपडी घालून तो राखणीला राहायचा. मंगळवारी सकाळी तो पळत वस्तीवर आला. गुडघ्यापर्यंत वाळू, हातात पाण्याची चरवी तशीच.

“वैनी, चला. आप्पाला उडीवलं.”

चालता चालता तो धापा टाकत सांगत होता. “गाडी गेली व्हती, वैनी, पुढं. आप्पा हालत व्हता. हात टेकून उठाय बघत व्हता. मग गाडी थांबली. आन् मागं आली.”

“मागं आली?”

“मागं आली.”

पुलावर दोन्ही बाजूंच्या चौक्यांचे जमादार आले होते. पुलाच्या मधोमध तालुक्याची हद्द. एम-एटी हद्दीच्या अलीकडं पडलेली, शंभू पलीकडं. पेपर जिकडंतिकडं.

“बॉडी तुमच्यात आहे, केस तुमची,” अलीकडचा म्हणाला.

“ठोकला तुमच्यात. उडून आमच्यात पडला, त्याला आम्ही काय करायचं?”

दोघांनी टेप धरला. ऊन वर आलं, माश्या घोंगावायला लागल्या. सुषमा खाली बसून डोकं मांडीवर घ्यायला गेली, तर पलीकडचा म्हणाला, “हात लावू नका बाई, पंचनामा व्हायचाय.” ज्योतिबानं डोक्याचा पटका सोडून भावावर टाकला. पटका लहान पडला. तोंड झाकलं की पाय उघडे राहत, पाय झाकले की तोंड.

हौशीराम पुढं झाला. “सायब, गाडी मागं आली.”

जमादारानं टेपवरून नजर काढली नाही.

“मागं म्हणजे कुठल्या हद्दीत?”

*

दहाव्याला नदीकाठी माणूस मावत नव्हता. आपल्याकडं दहावा म्हणजे मेलेल्याचा कमी आणि जिवंतांचा जास्त. मंडप, सतरंज्या, माइक. काठावरची बाभळीची राई वाळूच्या गाड्यांना रस्ता पाहिजे म्हणून केव्हाच तोडली होती. एक उंबर तेवढा उरला होता आणि कर्णा त्याच्याच फांदीला टांगलेला. कर्ण्याला श्रद्धांजल्यांचा ऊत आला होता.

“...शंभू म्हणजे या पंचक्रोशीचा निर्भीड आवाज! हा आवाज कुणी दाबू शकत नाही!” ज्या सरपंचानं शंभूला ग्रामसभेतून हात धरून बाहेर काढलं होतं, तो सांगत होता. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, लोकशाहीचा खांब कोसळला. बायकांच्या गर्दीत बसलेल्या सुषमाला खांब म्हटल्यावर पुलाचे उघडे पडलेले पायच आठवले.

मग ज्योतिबानं पिंड मांडले. उन्हात भाताचे गोळे, वर दही, बाजूला शंभूला आवडायची ती शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. माणसं मागं सरली.

कावळा येईना.

“शांतता राखा!” कर्णा ओरडला. “कुणी पुढं जाऊ नका! लहान मुलं आवरा! मागच्यांनी बसून घ्या!”

लांब, पलीकडच्या काठावर, काळे ठिपके बसले होते. एखादा उडायचा, उंबराच्या रोखानं यायचा आणि वळून परत जायचा.

“काय तरी मागं ऱ्हायलंय त्याचं,” म्हातारी माणसं म्हणू लागली. “बोला रं कुणी तरी.”

ज्योतिबा हात जोडून म्हणाला, “शंभ्या, सोनमला मी शिकवीन. माझ्या लेकीवानी बघीन.” नाही आला. अनसाबाई सरकत सरकत पुढं गेली. “माझी काळजी करू नगं, लेकरा. मी रडायची न्हाई. घास घे.” नाही आला. ऊन चढलं. तव्यावर ठेवल्यासारखी वाळू तापली. म्हातारी तिथंच कपाळ टेकून राहिली.

मग सुषमा उठली. बायकांनी पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला. पिंडांसमोर उभी राहून ती म्हणाली,

“तुमची बातमी अर्धी ऱ्हायली. ती मी पुरी करीन. गाडी मागं आली, हे मी लिवायला लावीन. सोडायची न्हाई मी.”

सगळा काठ गप्प झाला. एकटा कर्णा तेवढा बोलत राहिला. “शांतता राखा! माता-भगिनींनी जागेवर बसून घ्या!”

विधी सांगणाऱ्या महाराजांनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा, तशी रीत आहे. “करा म्हाराज,” सुषमा म्हणाली. “करा दर्भाचा.”

तेवढ्यात काठावर जीप थांबली. बबनराव उतरला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पायताण लांब काढून ठेवलं. सरपंच माइक घेऊन पळत गेला, तर त्यानं तळहातानं माइक मागं सारला.

“बंद कर रं ते. हितं भाषण न्हाई करायचं.”

कर्णेवाल्यानं बॅटरीवरची वायर काढली. सकाळपासून पहिल्यांदा नदीचा आवाज आला. नदीत पाणी नव्हतं, वाळूवरून वारा चालला होता, त्याचाच आवाज. बबनराव पिंडांसमोर गेला, वाकला.

“शंभू, माझ्याकडनं काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल. आजपास्नं तुझ्या आईचं, लेकीचं मी बघीन. शब्द देतो.”

आणि चार पावलं मागं आला.

पलीकडच्या काठावरून एक ठिपका उडाला. उंबरावर बसला. कर्ण्याच्या शेजारच्याच फांदीवर. मान वाकडी केली. मग खाली उतरला, टुणटुण उड्या मारत आला आणि भाकरीचा तुकडा उचलला.

“शिवला! शिवला!”

माणसांच्या अंगातनं वारं गेल्यासारखं झालं. कुणी डोळे पुसले, कुणी बबनरावांच्या पाठीवर हात ठेवला. अनसाबाई मान वर करून उडत्या कावळ्याकडं बघत होती, आणि दहा दिवसांत प्रथमच तिच्या तोंडावरची शीर सैल पडली होती.

“कर्णा बंद झाला म्हणून,” सुषमा म्हणाली. “कर्णा बंद झाला म्हणून आला त्यो. मगाधरनं त्यालाच बिचकत व्हता.”

शेजारच्या बाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. “गप. देवानं मोकळं केलं त्याला.”

*

कोकरेवस्ती, ता. २० (वार्ताहर) : कै. शंभू कोकरे यांच्या कुटुंबाची जबाबदारी बबनराव यांनी स्वीकारली. या वेळी उपस्थितांना अश्रू अनावर झाले.

*

सुषमा कलिंगडाच्या वाडीत गेली तेव्हा हौशीराम वेलांच्या बुडाला ओंजळीनं पाणी घालत होता. हाकेच्या अंतरावर पोकलेन घरघरत होतं.

“चौकीत चला भावजी. लेखी द्यायचंय. गाडी मागं आली म्हणून.”

हौशीरामनं एक कलिंगड तोडलं, मुठीनं फोडलं आणि तिच्या हातात दिलं. “खा आदी.”

“मी कलिंगाड खायला न्हाई आले.”

“वैनी, तोंडानं सांगितलंच ना मी? लेखी बी दिलं आस्तं. तुझ्या गळ्याची आन. पर आता आप्पानंच घास घेतला. मेलेला माणूस राजी झाला, आन् आपण जित्यांनी भांडत बसायचं?”

“कर्णा बंद केला म्हणून कावळा आला.”

“आसं बोलू न्हाई.”

“तुम्ही व्हता ना थितं? तुम्ही ऐकलं ना, कर्णा कवा बंद झाला त्ये?”

“ऐकलं की.” हौशीराम हात झटकत म्हणाला. “कर्णा बंद करायची बुद्धी बी कुणी दिली मग बबनरावाला? आप्पानंच दिली आसंल. आन् त्यो कबूल बी झाला की समद्यांदेखत. चुकलंमाकलं म्हणला. आजून काय पायजे तुला?”

“हेच कोर्टात म्हणंल का त्यो?”

हौशीराम पोकलेनकडं बघत राहिला. त्याचे वेल सगळे सरकारी वाळूवर होते, आणि सरकारी वाळू बबनरावांच्या ठेक्यात होती. हे दोघांनाही माहीत होतं. कलिंगडाचं पाणी सुषमाच्या कोपरावरून गळत राहिलं.

शब्दाला मात्र बबनराव जागला. दुसऱ्याच आठवड्यात तेच पोकलेन काठाला आलं आणि त्यानं पात्रातून कोकऱ्यांच्या पाइपपर्यंत चारी खोदून दिली. पाइपाला पाणी लागलं. ज्योतिबानं मोटार चालू केली आणि पाटात पहिलं गढूळ पाणी आलं तेव्हा तो लहान पोरासारखा हसला. मग भावजय बघतेय हे ध्यानात येऊन त्यानं तोंड फिरवलं.

“दादा, ह्या पाण्यासाठीच लिवलं व्हतं त्यांनी.”

“मग आलं की पाणी.” ज्योतिबा खोऱ्यानं माती ओढत म्हणाला. “माझा पाठचा भाऊ गेलाय, सुषमा. मला काय उकळ्या फुटत न्हाईत. पर पाणी पाणी आसतं. त्याला कुणाच्या नावाचा वास येतो का?”

सुषमानं साडी खोचली आणि वाफ्याची तोंडं धरायला उतरली. कांदा तिचाही होता. पाणी पायाला गार लागलं. कांदा दोन दिवसांत उभा राहिला.

चौकीत तिला जमादारानं बाकावर बसवून ठेवलं, दुपार झाल्यावर बोलावलं. शंभूची एम-एटी अंगणात कुंपणाला टेकवलेली होती. नंबरपाटीवर ‘प्रेस’ तसंच.

“धुकं होतं, बाई.”

“कुणी सांगितलं?”

“पेपरात आलंय की. तुमच्याच पेपरात.”

म्हणून ती पेपरच्या कचेरीत गेली. ज्योतिबा आला नाही. दौंडहून पुण्याची शटल रेल्वे पकडून, सोनमला बोटाला धरून, विचारत विचारत. चष्मेवाल्या साहेबानं दोघींना पाणी दिलं, चहा दिला. माणूस वाईट नव्हता.

“शंभू आमचे एजंट होते. वार्ताहर नव्हते. नेमणुकीचं पत्र आहे का?”

“मग बातम्या कोण लिवत व्हतं?”

“कुणीही पाठवतं. आम्ही वर ‘वार्ताहर’ छापतो. ते पद नाही ताई, पद्धत आहे.”

सोनमनं आईकडं पाहिलं. तिला बोटाखालचा तो शब्द आठवत असावा.

“बरं, एजंटाला मारलं म्हणून छापा.”

“पोलिसांच्या कागदावर अपघात आहे. धुकं आहे. आम्ही खून कसा छापणार?”

“पोलिस म्हणत्यात पेपरात धुकं हाय म्हणून.”

साहेबानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“धुक्याची बातमी कुणी दिली व्हती, सायब?”

“फोनवर आली होती. दत्ता म्हणून आहेत, तुमच्याकडच्या बबनरावांचे पुतणे. सकाळी लवकर फोन केला त्यांनी, कचेरी उघडायच्या आत. वॉचमननं लिहून घेतलं.” मग टेबलावरचे कागद सारखे करत, “आता तिकडचं तेच बघतात.”

कचेरी उघडायच्या आत. तेव्हा शंभू पुलावर पडलेला होता, जमादार टेप धरत होते, आणि ज्योतिबाचा पटका पुरत नव्हता. सुषमानं चहाची कपबशी बाजूला सारली. बोलायचं ते या माणसाला सांगून तो उद्याच्या अंकात काय छापणार होता?

“एजन्सी तरी चालवणार का? दत्ता मागतोय तीही.”

“चालवीन,” ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. तो शब्द रोज तिच्या हातातून जाईल, एवढंच तिला वाटलं.

*

तांबडं फुटायच्या आत सुषमा पूल ओलांडायची. सायकल ज्योतिबाची, दांडीवाली. नऊवारीतल्या सासवा नाक मुरडायच्या आणि पारावरची माणसं म्हणायची, “इस्त्रीवाली आली.” ती हद्दीच्या जागी उतरायची, सायकल हातानं ढकलत न्यायची आणि पुढं पुन्हा बसायची. पाठीत कळ यायची, बोटांना शाई लागायची. त्या शाईच्याच हातानं घरी येऊन भाकरी थापायची. पेपरात बबनरावांच्या वाढदिवसाचं पान असलं की गठ्ठा जड व्हायचा. ते पानही तिनंच वाटलं. बबनरावांच्या फाटकातून आत अंक टाकला की त्याचं कुत्रं धावून यायचं, पुढं पुढं ओळखीनं शेपूट हलवायला लागलं.

अनसाबाईचं मात्र बरं चाललं होतं. दहाव्यानंतर तिला झोप लागायला लागली. “तुझ्या पदरात देवानं काय न्हाई घातलं, पर माझं लेकरू सुटलं,” ती म्हणायची. रोज पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून ती कुडावर ठेवायची. कावळा आला की हळू आवाजात त्याच्याशी बोलायची. कांद्याचा भाव, सोनमची शाळा, ज्योतिबाची कंबर.

केस उभी राहिली ती ड्रायव्हरवर, निष्काळजीपणाची. त्यालाही उन्हाळे गेले, पावसाळे गेले. ज्या दिवशी साक्ष होती त्या दिवशी हौशीराम धुतलेला सदरा घालून आला होता.

— तुम्ही त्या वेळी कुठे होता?

— नदीत. येलाला पाणी घालत व्हतो.

— ट्रक पाहिला का?

— आवाज आला.

— धडक बसल्यावर ट्रक मागे आला, असं तुम्ही तेव्हा जमादारांना सांगितलं होतं?

हौशीरामनं वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. मग बाकावर बसलेल्या सुषमाकडं. मग पुन्हा पंख्याकडं.

— धुकं व्हतं, सायब.

बाहेर तो तिच्या समोरून गेला. “वैनी,” म्हणाला आणि पुढं काही नाही. थोडं जाऊन परत आला आणि पिशवीतून आणलेलं कलिंगड तिच्या पायाशी ठेवून गेला.

*

ता. ६ (वार्ताहर) : पूल अपघात प्रकरणी ट्रकचालकाची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. अपघातात संभा कोकाटे यांचा मृत्यू झाला होता.

*

हा अंकही तिनं वाटला. एकही घर चुकवलं नाही. नाव चुकलंय, हे तिला सांगायला कुणी आलं नाही. बहुतेकांनी ती ओळ वाचलीच नसेल.

भाद्रपदात पितरांचा पंधरवडा आला. शंभूच्या तिथीला अनसाबाईनं पहाटेपासून चूल धरली. खीर, वडे, भजी, आमटी-भात, शेंगदाण्याची चटणी. आता तिला नीट दिसत नव्हतं, तरी ती कुणाला हात लावू देत नव्हती. पत्रावळीवर वाढून तिनं ती ज्योतिबाकडून पत्र्यावर ठेवून घेतली आणि अंगणात उभी राहून हाक मारली. कावळा वाटच बघत असल्यासारखा आला. शेवग्यावर बसला.

“बघ, आला लगीच,” म्हातारी म्हणाली. “सुखात हाय त्यो.”

सुषमा दारात उभी होती. फळीवर शंभूचा रेडिओ होता. दुपारच्या बातम्या लागायची वेळ. तिनं रेडिओ उचलला, अंगणात आणला आणि आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली.

बातम्या देणारा माणूस अंगणभर गरजला. कावळा दचकला, उडाला, लांब विजेच्या खांबावर जाऊन बसला.

तिनं रेडिओ बंद केला. सगळे थांबले. कावळा खांबावरून शेवग्यावर आला, शेवग्यावरून पत्र्यावर.

तिनं पुन्हा लावला. कावळा पुन्हा उडाला.

“बगा आत्या,” सुषमा म्हणाली. “दादा, तुम्ही बी बगा. लावला की उडतो, बंद केला की येतो. त्या दिवशी बी आसंच झालं. त्यांनी काय माफ केलं नव्हतं कुणाला. कर्णा बंद झाला म्हणून—”

ज्योतिबा मान खाली घालून बोटानं पायाची भेग उकरू लागला. सोनम कुडाला धरून उभी होती. ती आता शहाणी झाली होती. तिला कळलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण बोलली तीही नाही. कारण आजी चाचपडत पुढं आली होती. रेडिओच्या आवाजाच्या रोखानं हात पुढं करत आली, आणि सुषमाचं मनगट तिच्या हाताला लागलं. म्हातारी रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

“वर्सानं एकदा जेवाय येतं माझं लेकरू,” ती म्हणाली. “त्याला का गं ताटावरनं उठीवतीस?”

रेडिओवर कुठल्या तरी जिल्ह्याची बातमी चालली होती. सुषमानं तिच्याकडं पाहिलं, त्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांकडं. मग कळ फिरवली. सांगणाऱ्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

कावळा उतरला.